इमारतीच्या पोटातलं दुखणं

ब्रुसेल्समधली बर्लेमाँ इमारत म्हणजे युरोपियन कमिशनचं मुख्य कार्यालय. १९६० च्या दशकात ती बांधताना आगीपासून बचाव म्हणून पोलादी सांगाड्यावर ॲस्बेस्टॉस फवारलं होतं. त्याचे तंतू श्वासावाटे फुफ्फुसात गेले, तर वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. १९९१ मध्ये इमारत रिकामी केली. कमिशन परतलं ते थेट २००४ मध्ये!

हे तंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तरच कळतं. आपल्याकडेही जुन्या दुकानांवर, गोदामांवर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेतच. शाबूत पत्र्याचा धोका कमी. फोडला, कापला की तंतू उडतात. म्हणून मंडळी, डागडुजीआधी तपासणी करून घ्या. तोंडाला फडकं बांधून पत्रे फोडतो तो मजूर, मालक नव्हे.