मोर्सची परीक्षा : अमेरिकेतील हौशी रेडिओ परवान्याचा वाद

व्यापारासाठी किंवा करमणुकीच्या प्रसारणासाठी नव्हे, तर आवड, प्रयोग आणि परस्पर संपर्क यांसाठी स्वतःचे बिनतारी केंद्र चालवणाऱ्यांना हौशी रेडिओचालक किंवा ‘हॅम’ म्हणतात. चित्रे काढायला किंवा तिकिटे जमवायला कोणी परीक्षा घेत नाही. हॅमला मात्र सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रेषक यंत्राला हात लावता येत नाही. ही परीक्षा किती अवघड असावी, यावरून अमेरिकेत जवळजवळ शतकभर वाद चालला. त्याचे मूळ होते मोर्स संकेतलिपीत, म्हणजे बिंदू आणि रेघ यांच्या जुळणीतून अक्षरे पाठवण्याच्या, तारमास्तरांच्या कडकट्टमुळे आपल्याकडेही ओळखीच्या झालेल्या पद्धतीत. या वादाचा इतिहास पाहता असे दिसते की मोर्सची अट ज्या कारणासाठी घातली गेली ते कारण लवकरच मागे पडले, आणि नंतरच्या प्रत्येक पिढीने ती टिकवण्यासाठी आपापली नवी कारणे शोधली.

मूळ कारण अगदी व्यवहारी होते. १९१२ पूर्वी अमेरिकेत कोणीही, कोणत्याही तरंगलांबीवर संदेश पाठवू शकत असे. त्या काळची ठिणगीवर चालणारी प्रेषक यंत्रे इतका विस्तृत पट्टा व्यापत की शेजारच्या गावातील मुलाचा प्रयोग आणि नौदलाचा संदेश एकमेकांत मिसळून जात. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली, त्यानंतरच्या गोंधळात पसरलेल्या खोट्या संदेशांचे खापर हौशी मंडळींवर फुटले, आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला रेडिओ कायदा संमत झाला. त्याने हौशी केंद्रांना २०० मीटर व त्याखालच्या, तेव्हा निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या तरंगलांबींवर ढकलले. कायद्याखालील नियमांनुसार अर्जदाराला मोर्स इतपत यावी लागे की संकटाची हाक आणि ‘बाजूला व्हा’ हा अधिकृत इशारा त्याला ओळखता यावा. त्यासाठी मिनिटाला किमान पाच शब्द, म्हणजे पाच अक्षरांचा एक शब्द धरून पंचवीस अक्षरे, हा वेग ठरवण्यात आला. थोडक्यात, गप्प बसण्याचा हुकूम कळावा एवढ्यापुरतीच ही अट होती.

पुढे वेगाची मर्यादा चढत गेली. पहिल्या महायुद्धात बंद पडलेली केंद्रे १९१९ मध्ये पुन्हा सुरू झाली तोपर्यंत ती दहा शब्दांवर पोहोचली होती आणि १९३६ मध्ये तेरा शब्दांवर गेली. इशारा ओळखण्यासाठी तेरा शब्दांच्या वेगाची गरज नव्हती. वाढत्या संख्येला आवर घालणारी चाळणी म्हणूनच ही वाढ उपयोगी पडली. परीक्षा घेणारी संस्था आता १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेला संघीय दळणवळण आयोग, म्हणजे ‘एफसीसी’ होती, आणि परीक्षा देण्यासाठी आयोगाच्या शहरातील कार्यालयात जावे लागे. तेथे कानाला हेडफोन लावून पाच मिनिटांचा मजकूर उतरवून घ्यायचा, आणि त्यात कोठेतरी सलग एक मिनिट, म्हणजे तेरा शब्दांच्या वेगाने सलग ६५ अक्षरे, एकही चूक न करता टिपलेली असायला हवीत, असा दंडक होता. एक अक्षर निसटले आणि परीक्षार्थी ते आठवत बसला की पुढची चार निसटत. उत्तीर्ण झालेल्यांच्या मनात या परीक्षेविषयी जो अभिमान दिसतो, त्याचे मूळ या एका मिनिटात आहे. लेखी परीक्षेतही पूर्वी विद्युतमंडलांच्या आकृत्या हाताने काढाव्या लागत.

१९५१ मध्ये आयोगाने परवान्यांची उतरंड नव्याने रचली. नवख्यांसाठी ‘नॉव्हिस’ परवाना आला. त्यात मोर्सचा वेग पुन्हा पाच शब्दांवर आणला होता, पण परवाना एकच वर्ष टिके आणि त्याचे नूतनीकरण होत नसे. ‘टेक्निशियन’ परवाना उच्च वारंवारतांवर प्रयोग करणाऱ्यांसाठी होता, ‘जनरल’साठी तेरा शब्द लागत आणि सर्वांत वरच्या ‘एक्स्ट्रा’ परवान्यासाठी वीस. मात्र १९५३ पासून जनरल परवानाधारकाला जवळजवळ सर्व सवलती मिळाल्याने वीस शब्दांची तयारी करण्याचे कोणाला कारण उरले नाही. या स्थितीवर उपाय म्हणून हौशी चालकांची राष्ट्रीय संघटना ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ हिने १९६३ मध्ये प्रोत्साहनपर परवान्यांची कल्पना पुढे केली, आणि नोव्हेंबर १९६८ पासून आयोगाने ती अमलात आणली. प्रोत्साहन हे नाव गोड होते. प्रत्यक्षात जनरल परवानाधारकांच्या हातातील वारंवारतांचे काही पट्टे काढून ते वरच्या वर्गांना देण्यात आले. वर्षानुवर्षे वापरलेली जागा परीक्षा दिल्याशिवाय परत मिळणार नाही, हे अनेकांना झोंबले. ‘७३’ मासिकाचे संपादक वेन ग्रीन यांनी या योजनेवर सतत टीकेची झोड उठवली. अमेरिकी रेडिओयंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या पडझडीचे खापरही पुढे तिच्यावर फोडले गेले, जपानी यंत्रांची स्पर्धा लक्षात घेता ते बरेचसे अतिशयोक्त वाटते.

मोर्सविरहित परवान्याची भीती मात्र वेगळ्या ठिकाणाहून आली. १९५८ मध्ये हौशी चालकांच्या हातून २७ मेगाहर्ट्झचा पट्टा काढून तो ‘सिटिझन्स बँड’ म्हणून खुला करण्यात आला होता. त्यासाठी कोणतीही परीक्षा नव्हती. सत्तरच्या दशकाच्या मध्यास ट्रकचालकांपासून सर्वांनी तो डोक्यावर घेतला, तेव्हा तेथील आरडाओरडा आणि खोटी नावे ऐकून हॅम मंडळींनी निष्कर्ष काढला की मोर्सचा अडसर काढला तर आपल्याही पट्ट्यांची हीच गत होईल. १९८३ मध्ये आयोगाने मोर्सविना परवान्याचा प्रस्ताव मांडला आणि विरोधाचा जोर पाहून त्याच वर्षी मागे घेतला. या विरोधात एक विसंगती होती. शिस्त राखते ती मोर्स की लेखी परीक्षा, याचे उत्तर कोणी देत नव्हते, आणि लेखी परीक्षेचे वजन त्याच सुमारास वेगळ्या वाटेने कमी होत होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका प्रकाशकाने आयोगाच्या कार्यालयांबाहेर पडणाऱ्या परीक्षार्थींना प्रश्न विचारून, त्यांच्या आठवणीतून उत्तरांसह पुस्तके छापली होती. १९८४ पासून परीक्षा स्वयंसेवी परीक्षकांकडे सोपवल्यावर प्रश्नसंचच अधिकृतपणे जाहीर होऊ लागला. मोर्ससाठी भांडणाऱ्यांच्या मानाने या बदलावर हळहळणारे थोडे होते; पाठांतराने पेपर सुटतो, पण कान पाठांतराने तयार होत नाही, हा मोर्सच्या समर्थकांचा युक्तिवाद मात्र तेव्हापासून धारदार झाला.

१४ फेब्रुवारी १९९१ रोजी मोर्सविना टेक्निशियन परवाना अखेर सुरू झाला, पण तो ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या वारंवारतांपुरता. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांतून आली होती. लांब पल्ल्याच्या लघुलहरी देशांच्या सीमा ओलांडतात म्हणून तेथे मोर्स बंधनकारक असे; १९४७ मध्ये १००० मेगाहर्ट्झच्या वर, १९५९ मध्ये १४४ च्या वर आणि १९७९ मध्ये ३० च्या वर, अशी ही सूट टप्प्याटप्प्याने रुंदावली. ब्रिटनने १९६४ मध्येच उच्च वारंवारतांसाठी मोर्सविना परवाना दिला होता. जपानने तर पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कमी शक्तीच्या केंद्रांना लघुलहरींवरही मोर्सशिवाय बोलण्याची मुभा दिली आणि पुढे तेथे परवानाधारकांची संख्या दहा लाखांवर गेली. भारतातील १९७८ च्या नियमांतही हीच विभागणी होती : पहिल्या श्रेणीला बारा शब्द, दुसऱ्या श्रेणीला पाच शब्द, आणि मोर्स न येणाऱ्यांसाठी वरच्या वारंवारतांपुरती मर्यादित श्रेणी.

दरम्यान समुद्रावरून मोर्स निघून गेली. अमेरिकी तटरक्षक दलाने १९९५ मध्ये संकटाच्या मोर्स वारंवारतेवरील पहारा थांबवला आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांसाठी उपग्रहाधारित सुरक्षा व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. १९१२ च्या नियमातील ‘बाजूला व्हा’ सांगणारा आता कोणी उरला नव्हता. एप्रिल २००० मध्ये आयोगाने मोर्स लागणाऱ्या सर्व वर्गांसाठी वेग पाच शब्दांवर आणला. जुलै २००३ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची सक्ती प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडली. ब्रिटन आणि जर्मनीने ती लगेच काढली; भारताने पुढील बदलांतही सर्वसाधारण श्रेणीसाठी आठ शब्दांची अट ठेवली; अमेरिकेत २३ फेब्रुवारी २००७ रोजी ती संपली.

त्यानंतर छंद बुडाला नाही आणि मोर्सही बुडाली नाही. अमेरिकेतील परवानाधारक २००७ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास होते, ते पाचेक वर्षांत सात लाखांच्या पुढे गेले. कमी शक्तीत, क्षीण संकेतही कानाला ओळखू येतो म्हणून मोर्स आजही वापरात आहे, आणि सक्ती नसताना ती शिकणारेही आहेत. २०१८ मध्ये त्याच लीगने टेक्निशियन परवानाधारकांना लघुलहरींवर थोडी जास्त जागा द्यावी, असा अर्ज आयोगाकडे केला, तेव्हा विरोधकांनी पुन्हा परीक्षेचा आग्रह धरला. ज्यांना ही जागा हवी असेल त्यांनी जनरल परीक्षा द्यावी, ती काही अवघड नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ती परीक्षा म्हणजे जाहीर प्रश्नसंचातून निवडलेले ३५ बहुपर्यायी प्रश्न, आणि त्यांतील २६ बरोबर आले की परवाना.