आधी ले-आउट, मग पार्ट

फरीदाबादच्या ड्रॉइंग ऑफिसात मी लागलो तेव्हा तिथे दोन जाती होत्या, ले-आउट काढणारे आणि डिटेल काढणारे. मी नाशिकहून आलेला डिप्लोमावाला, म्हणजे डिटेलरच. १९८३च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती बाहेर पडली होती. जपानहून येणारे सुटे भाग हळूहळू इथेच करायचे ठरल्यामुळे प्रेस टूल बनवणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नव्हती.

प्रेस टूल म्हणजे खाली डाय, वर पंच, मध्ये स्ट्रिपर आणि सगळ्यांना एका रेषेत धरणारे गाइड पिलर. प्रत्येक प्लेट वेगळ्या कागदावर, बहुधा वेगळ्या कारागिराच्या मशीनवर. पण शेवटी पिलर बुशमध्ये अलगद उतरला पाहिजे. म्हणून सुरुवात पत्र्याच्या पट्टीपासून व्हायची. पत्रा दर ठोक्याला किती पुढे सरकणार ते ठरलं की डाय प्लेटची लांबी ठरे, त्यावरून तिच्याखालचा शू, मग पिलरच्या मध्यरेषा. आमचे हेड ड्राफ्ट्समन फाळणीनंतर फरीदाबादच्या एनआयटी वसाहतीत आलेल्या घरातले. ते अख्खं टूल फुल स्केलवर एकाच ट्रेसिंगवर काढत. आम्ही त्यावर आपला कागद ठेवून आपापली प्लेट उचलायची. पिलर दोन मिमी सरकवायचाय? मग आधी त्यांच्या टेबलाशी जायचं. "पहले ले-आउट में ठीक करो, बेटा," एवढंच ते म्हणत.

ऑटोकॅड आलं तेव्हा बोर्डाच्या जागी पडदा आला आणि ट्रेसिंगच्या जागी लेयर. विचार तोच राहिला. खरा बदल थ्रीडीने केला. १९८८ साली प्रो-इंजिनिअरने मापांचा लगाम लावून मॉडेल हलवायची सोय आणली. १९९५ साली सॉलिडवर्क्सने ती विंडोजच्या पीसीवर बसवली. आमच्याकडच्या क्लासांत शिकवलं गेलं ते मात्र उलट: आधी प्रत्येक पार्ट सुटा बनवा, मग असेंब्लीत आणून मेट लावून जोडा. बाजारातून घ्यायच्या बोल्ट-स्प्रिंगला हे उत्तम. टूलला नाही. पिलर हलला की शू, स्ट्रिपर, पंच होल्डर अशा एकेका फाइलीत जाऊन भोक हलवायचं, आणि एखादी फाइल राहिली तर ते जिग बोरिंगवाल्याच्या टेबलावर कळायचं.

यावर पोरांनी काढलेला उपाय मला आणखी धोक्याचा वाटतो. असेंब्लीत उभं राहून एका प्लेटची कड दुसऱ्या प्लेटला बांधायची, दुसरीची तिसरीला. मधली एक प्लेट पुसली की फाइलींचं खालचं सगळं झाड चुकांनी लाल. छोट्या टूलसाठी एकाच फाइलीत सगळे सॉलिड काढून मागाहून वेगळे करणं त्यापेक्षा बरं.

मोठ्या टूलला मात्र स्केलेटनच. एका फाइलीत फक्त पट्टीचा पिच, मध्यरेषा, बंद उंची. घन पदार्थ काहीच नाही. प्रत्येक प्लेट तिथूनच माप घेते, शेजारणीकडून नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हेडसाहेबांचं ट्रेसिंगच दिसलं. तरुणांना ही फार आधुनिक युक्ती वाटते. मूळ कल्पना संगणकातही जुनीच आहे: एमआयटीत इव्हान सदरलंडच्या स्केचपॅडमध्ये १९६३ सालीच मूळ चित्र बदललं की त्याच्या सगळ्या प्रती बदलत. तेव्हा फरीदाबादेत ट्रॅक्टर बनू लागून जेमतेम चार वर्षं झाली होती.

आता मोठी कंपनी डिझाइन पाठवते ते बहुतेकदा स्टेप फाइलमध्ये. आकार नेमका येतो, पण कोणती मध्यरेषा कोणाला हलवते हे त्यात येत नाही. येतो तो मुका ठोकळा. मग फरीदाबादच्या सेक्टर २४ मधला टूल डिझायनर ते ठोकळे बाजूला ठेवतो, कोऱ्या फाइलीत पट्टीचा पिच टाकतो आणि पिलरच्या मध्यरेषा नव्याने काढायला घेतो.