कोबाल्टरहित सिमेंटेड कार्बाइड

कोबाल्टरहित सिमेंटेड कार्बाइड हा टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टऐवजी लोह, निकेल किंवा त्यांच्या मिश्रधातूने बांधून तयार केलेला कठीण पदार्थ आहे. धातू कापणारी हत्यारे आणि खडक फोडणारी बिटे यांसाठी त्याचा विचार होतो.

पार्श्वभूमी
जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये कोबाल्टने बांधलेल्या कार्बाइडच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने विक्रीस आणला. तापवल्यावर वितळलेला कोबाल्ट कार्बाइडच्या कणांभोवती सहज पसरतो. त्यामुळे पदार्थातील पोकळ्या भरतात व त्याला चिवटपणा येतो.

पर्यायाची गरज
जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकात निघतो. तसेच कोबाल्टयुक्त कार्बाइडची धूळ श्वासावाटे गेल्यास कामगारांना फुप्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो.

पर्याय व मर्यादा
निकेल गंजाला अधिक दाद देत नाही. मात्र त्यामुळे काठिण्य घटते, आणि निकेलची धूळही निर्धोक नाही. लोह स्वस्त आहे, परंतु कार्बनचे प्रमाण काटेकोर राखावे लागते : ते कमी पडल्यास ठिसूळ ‘इटा’ प्रावस्था, तर जास्त झाल्यास ग्रॅफाइट तयार होते. लोहात निकेल मिसळल्यास ही अडचण काहीशी कमी होते.

खडकातील वापर
बुलढाणा जिल्ह्याचा बराच भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. अशा खडकात विंधन विहीर घेताना बिटावरील कार्बाइडच्या बटणांना सतत आघात सोसावे लागतात. म्हणून येथे नव्या बंधकाची खरी कसोटी काठिण्याइतकीच चिवटपणाची असते.