चुना, सुरखी आणि सिमेंट

श्रोतेहो, आमच्या कांदिवलीहून विरारच्या गाडीत बसावे, वसईला उतरावे आणि किल्ला पाहावा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकला, तेव्हाच त्याचे तट जुने झालेले होते. पुष्कळ पडझड झाली; तरी खाडीचा खारा वारा खात ते तट उभे आहेत. उलट, आमच्या उपनगरात तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींचे पोपडे पडतात, गंजलेल्या सळया उघड्या होतात. लोक म्हणतात, "चुना खरा, सिमेंट खोटे!"

हा निकाल घाईचा आहे. तटाच्या भिंतीत सळई नाही. स्लॅबला मात्र सळईवाचून गत्यंतर नाही. खारी ओल सळईपर्यंत पोचली की लोखंड गंजते, फुगते आणि काँक्रीट आतून फोडते.

आता जुन्यांची युक्ती बघा. साधा चुना हवेने आवळतो, पाण्यात आवळत नाही. म्हणून आपले गवंडी त्यात भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून तो बैलांच्या घाणीत मळीत. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालीत. पुढे १८२४ साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ पासून पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट निघू लागले आणि हळूहळू घाण्या थांबल्या.

पण सुरखीचे काम संपले नाही. साधे सिमेंट आवळताना त्यात थोडा मोकळा चुना उरतो. एकलहऱ्यासारख्या वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी त्यात दळून मिसळली, तर ती हा चुना बांधून घेते. छिद्रे बारीक होतात, मिठाची वाट अवघड होते. म्हणजे राखेचे सिमेंट ही भेसळ नव्हे. ती सुरखीचीच नवी पिढी आहे.

मात्र हे सिमेंट सावकाश ताकद धरते. पाणी कमी मारले तर ते साध्या सिमेंटपेक्षाही लवकर दगा देईल. २००० सालच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला निदान ७ दिवस ओल हवी, मिश्र सिमेंटला १०. कोरड्या, उष्ण हवेत अनुक्रमे १० आणि १४.

तेव्हा गुरुजी, गावात शाळेची खोली बांधायला निघाली, तर एवढे करा. स्लॅब पडल्याची तारीख खडूने भिंतीवर लिहा आणि रोज पाणी मारल्याची खूण मुलांकडून करवून घ्या. इमारतीचे आयुष्य पोत्यावरच्या नावापेक्षा त्या खुणांवर अधिक ठरते.