श्वापदांचा ठावठिकाणा

मराठी शाळांच्या भूगोलात एक प्रश्न हटकून विचारला जात असे: 'पुढील प्राणी कोठे आढळतात ते सांगा.' प्रश्नाप्रमाणे उत्तरेही ठरलेली असत. पांढरे अस्वल उत्तर ध्रुवाकडे, पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडे, कांगारू ऑस्ट्रेलियात, जिराफ आफ्रिकेत आणि सिंह आफ्रिकेत व काठेवाडातील गीरच्या अरण्यात. विद्यार्थी ही उत्तरे घोकून पाठ करीत व पैकीच्या पैकी गुण मिळवीत. उत्तरे खोटी नव्हती. परंतु नदीचा उगम किंवा पर्वताचे शिखर जसे ठरलेल्या जागी असते, तसेच प्राण्यांचे ठिकाणही कायमचे असते, असा समज मात्र त्यांतून दृढ होई. वस्तुतः अशा प्रत्येक उत्तराखाली एक तारीख लिहिलेली असावयास हवी. कोणता प्राणी कोठे राहतो, हा प्रश्न दिसतो भूगोलाचा. त्याचे खरे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. ठाण्याची खाडी आणि पनवेलची खाडी जेथे एकमेकींजवळ येतात, त्या बेलापूरच्या टोकाशी दिवाळे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. सांप्रत ते नवी मुंबईच्या पोटात आले असले, तरी गावाचा धाक्का, तेथील होड्या आणि मासळीचा बाजार आपले जुने स्वरूप सांभाळून आहेत. ओहोटी लागली म्हणजे तिवरांच्या मुळांशी चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या उड्या मारू लागतात, चिंबोऱ्या बिळांतून डोकावतात आणि बगळे व तुतार आपली न्याहारी उरकून घेतात. या परिसरातील तिवरांच्या रानात कोल्हा राहतो. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत खाडीच्या पाणथळीत गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. एक चार पायांचा, दुसरा दोन पंखांचा. परंतु श्वापदांच्या ठावठिकाण्याची सारी कथा या दोन रहिवाशांवरून सांगता येते.

फ्रेंच पंडित ब्युफाँ याने १७६१ साली एक चमत्कारिक गोष्ट विद्वानांच्या नजरेस आणली. हवामान सारखे असेल, तर प्राणीही सारखेच असावयास पाहिजेत, असा तोवरचा समज होता. परंतु आफ्रिकेची उष्ण अरण्ये आणि दक्षिण अमेरिकेची उष्ण अरण्ये यांतील पशू ताडून पाहता ते निरनिराळे निघाले. तिकडे हत्ती, गेंडा व सिंह. इकडे जग्वार, टॅपिर व मुंगीखाऊ. ध्रुवप्रदेशांचीही तीच कथा. थंडी दोहींकडे कडाक्याची; पण पांढरे अस्वल आणि पेंग्विन यांची रानात कधी गाठ पडत नाही. अर्थात केवळ हवा-पाणी पाहून प्राण्याचे घर ठरत नाही. त्याचे पूर्वज तेथे पोहोचू शकले की नाहीत, हेही पाहावे लागते.

या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते दोघा इंग्रजांनी. स्क्लेटर याने १८५८ साली पक्ष्यांच्या आधारे पृथ्वीचे सहा विभाग पाडले. आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८७६ साली दोन खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून तीच विभागणी सर्व प्राण्यांना लावून दाखविली. वॉलेस हा काही श्रीमंत घरचा विद्वान नव्हता. प्राण्यांचे नमुने गोळा करून विकणे हाच त्याचा चरितार्थ होता. १८५६ साली तो बाली बेटावरून लोंबोक बेटावर गेला. मधली सामुद्रधुनी अवघी पस्तीस किलोमीटरांच्या आसपास रुंद. बालीत त्याला आशियाच्या ओळखीचे तांबट व सुतारपक्षी दिसले होते. पलीकडे पाऊल ठेवताच ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे दृष्टीस पडले. बालीत तेव्हा वाघ होता, लोंबोकमध्ये तो नव्हता. त्याचे कारण समुद्राच्या खोलीत आहे. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली, तेव्हा जावा व बाली ही बेटे आशियाच्या भूमीला जोडली गेली. पण ही सामुद्रधुनी त्याहून खोल असल्यामुळे तेथील पाणी आटले नाही. हजारो वर्षांपूर्वी जी वाट खुली होती, तिची खूण आजच्या पक्ष्यांत राहिली. जी बंद होती, तिचीही राहिली.

हिंदुस्थानचे स्थान या नकाशात मोठे लक्षणीय आहे. येथे पूर्वेकडील अरण्यांचा वाघ आणि पश्चिमेकडील माळरानांचे सिंह व चित्ता हे तिघेही एका देशात नांदत होते. आफ्रिकेत वाघ नाही आणि ब्रह्मदेशात सिंह नाही. भारतात मात्र दोन्ही. या संपत्तीची पद्धतशीर नोंद ठेवण्याच्या कामी मुंबईचा वाटा मोठा आहे. १८८३ साली आठ हौशी गृहस्थांनी मिळून या शहरात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. कोणता प्राणी कोठे, केव्हा व कोणी पाहिला, याच्या हजारो नोंदी त्यात पडून आहेत. वाचणाऱ्याला त्यांतील कित्येक नोंदी मृत्युपत्रासारख्या वाटतात, कारण त्या त्या ठिकाणची ती अखेरची नोंद ठरली.

वाघाचेच पाहा. ज्या साष्टी बेटावर आज मुंबईची उपनगरे पसरली आहेत, तेथे पूर्वी वाघ येत असत. विहार तलावाच्या परिसरात १९२९ साली मारला गेलेला वाघ हा तेथील अखेरचा मानला जातो. ज्यांचे आजोबा त्या वेळी तरुण होते, अशी माणसे आजही मुंबईत पुष्कळ सापडतील. म्हणजे हा काही पुराणकाळ नव्हे.

चित्त्याची कथा याहून विलक्षण आहे. राजेरजवाडे त्याला पकडून शिकवीत आणि त्याच्याकडून काळविटांची पारध करवीत. कोल्हापूर संस्थानात या शिकारीचा मोठा षोक होता. परंतु पाळीव चित्त्यांची वीण होईना. म्हणून दर वेळी रानातूनच नवे चित्ते धरून आणावे लागत. अशाने रान रिकामे झाले. माळराने नांगराखाली गेली, काळवीट घटले आणि विसाव्या शतकात कोल्हापूरला आपल्या शिकारखान्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. ज्या देशाच्या भाषेने या पशूला नाव दिले, त्याच देशावर तो परदेशातून मागविण्याची पाळी आली! १९४७ साली मध्य हिंदुस्थानातील कोरिया संस्थानात तीन चित्ते एकदम मारले गेले आणि १९५२ साली हा प्राणी भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. पुस्तकातील उत्तर पुन्हा बदलले. मात्र घालविण्यास जे फुकट लागले, ते परत आणण्यास किती सायास पडतात, हेही त्याबरोबर दिसून आले.

सिंहाचे दैव थोडे बरे. पूर्वी तो सीरिया व इराणपासून बिहारपर्यंत पसरलेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात तो केवळ गीरमध्ये उरला. जुनागडच्या नबाबांनी शिकारीला आळा घातला आणि पुढे सरकारने अभयारण्य केले, म्हणून तो वाचला. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह भरले. अर्थात मनुष्य हा नुसता नकाशा खोडणारा नसतो. मनात आणल्यास तो नकाशा राखूही शकतो.

इतके ऐकून असे वाटेल की, पशू बिचारे मनुष्याच्या लहरीवर सोडलेले आहेत. परंतु काही प्राणी आपले पत्ते आपणच बदलतात. २००२ साली कर्नाटकातील रानहत्ती सह्याद्री उतरून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आले आणि तेथील शेतकऱ्यांपुढे नवे संकट उभे राहिले. जुन्नरच्या बिबळ्याने तर उसाच्या फडालाच अरण्य मानले. मादी तेथेच वीत असते आणि तोडणीच्या वेळी मजुरांना फडात पिले सापडतात. २०१९ साली यवतमाळकडील टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेते, ओढे व रस्ते ओलांडीत हजारांहून अधिक किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा होता म्हणून हे कळले. पट्टा नसलेले किती जण असे हिंडत असतील, त्याची गणती कोण करणार?

आता दिवाळ्याच्या परिसरातील त्या दोन रहिवाशांकडे वळावे. कोल्हा हा या कलेत सर्वांचा गुरू म्हणावा. तो मासे खाईल, चिंबोरी खाईल, उंदीर खाईल, फळे खाईल आणि काही न मिळाल्यास मनुष्याने टाकलेले उष्टेही खाईल. म्हणूनच तो माळावर राहतो, शेतात राहतो आणि भरतीचे पाणी ज्यात शिरते अशा तिवरांतही राहतो. याच जातीचा कोल्हा गेल्या काही दशकांत युरोपात उत्तरेकडे सरकत थेट बाल्टिक समुद्राच्या काठापर्यंत गेला आहे. पाण्यापाशी जागा थोडी असली तरी त्याचे भागते.

रोहित पक्ष्याचे तसे नाही. त्याची वाकडी चोच हे एक गाळणे आहे. उथळ पाण्यात मान खाली घालून तो चिखल ढवळतो व त्यातील शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेतो. त्या अन्नातूनच त्याच्या पिसांना गुलाबी रंग येतो. त्याची वीण कच्छच्या रणात होते. डॉ. सालिम अली यांनी १९४५ साली तेथील मोठ्या रणात जाऊन पाहणी केली, तेव्हा पाच लाखांच्या आसपास पक्षी असावेत असा त्यांचा अंदाज झाला. ठाण्याच्या खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले ते मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. शहरांच्या सांडपाण्याने चिखलातील शेवाळ वाढले, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. यास्तव पक्षी आले म्हणजे पाणी निर्मळ झाले, असे समजण्याचे कारण नाही. २०१५ साली खाडीचा काही भाग रोहितांचे अभयारण्य म्हणून राखला गेला आणि २०२२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ठाण्याच्या खाडीचे नाव दाखल झाले.

परंतु पक्षी काही अभयारण्याची हद्द वाचून उतरत नाहीत. भरती चढून खाडीचा चिखल बुडाला की त्यांना टेकावयास दुसरी उथळ जागा लागते, आणि ती त्यांना नेरूळ व बेलापूरकडील तळ्यांत मिळते. उधाणाच्या दिवसांत तर या जागांवाचून त्यांचे चालत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर येथील खाजणे, मिठागरे व भातशेती जाऊन नवे नगर उभे राहिले. दिवाळ्याच्या खाडीपलीकडे नवा विमानतळ झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लाखो माणसांना घरे व उद्योग मिळाले, हे नाकारता येणार नाही. तथापि तळ्याकडे येणारा भरतीच्या पाण्याचा एखादा नाला बुजला, तरी सारे तळे मरते, हेही तितकेच खरे आहे. आकाशातली वाटही निर्धोक राहिलेली नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर येथे उतरणाऱ्या विमानाची धडक बसून ३९ रोहित मृत्युमुखी पडले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जो चिखल रोहिताला पोसतो आणि जी तिवरे कोल्ह्याला आसरा देतात, त्यांच्याच मुळांशी कोलंबीची व माशांची पिले वाढतात. ती पिले मोठी होऊन जाळ्यात येतात, तेव्हा दिवाळ्याच्या कोळ्याची चूल पेटते. रोहिताचे घर मोडले तर ते केवळ रोहिताचेच मोडते असे नाही. कोल्हा दुसरीकडे जाईल, उकिरड्यावर जगेल; पण रोहिताची चोच आणि कोळ्याचे जाळे ही दोन्ही साधने एकाच प्रकारच्या पाण्यासाठी घडलेली आहेत. ती घेऊन डोंगरावर जाता येत नाही.

साष्टीच्या वाघाबद्दल १९२९ साली कोणाला ठाऊक नव्हते की, हा शेवटचा. कोरियातील चित्त्यांबद्दलही ठाऊक नव्हते. दिवाळ्याच्या खाडीची गोष्ट वेगळी आहे. येथे काय राहते, कशावर जगते आणि काय केल्याने नाहीसे होईल, हे सर्व आज माहीत आहे. शाळेतील मुलाने 'रोहित कोठे आढळतो?' या प्रश्नाला 'ठाण्याच्या खाडीत' असे उत्तर दिले, तर ते आज बरोबर धरले जाईल. त्या मुलाच्या नातवालाही त्याच उत्तराला गुण मिळावेत, इतकेच पाहावयाचे आहे.