मेटल गिटारसाठी पॉवर अ‍ॅम्प: ट्यूब घ्यायचा की सॉलिड-स्टेट?

पनवेलच्या पुढे पळस्पे फाट्यावर रस्ते फुटतात. जुना मुंबई-पुणे महामार्ग खोपोलीकडे जातो, एक रस्ता जेएनपीटी बंदराकडे वळतो आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ इथून कोकण-गोव्याच्या दिशेने निघतो. या भागात राहून मेटल वाजवणाऱ्यांची अडचण याच नकाशात दिसते. सराव फ्लॅटमध्ये, कार्यक्रम मुंबईत, पुण्यात किंवा गोव्यात, आणि सामान न्यायचं ते हार्बरच्या लोकलने नाहीतर भाड्याच्या टेम्पोने. अशात अ‍ॅम्पसाठी साठवलेले पैसे खर्च करायची वेळ आली की मित्र एकच सांगतात, "मेटल वाजवायचंय ना? मग ट्यूबच घे. बाकी सगळी खेळणी."

हा सल्ला कितपत खरा आहे? पैसे मोजण्याआधी समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- मेटलचा खरखरीत, दाट आवाज मुख्यतः प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होतो, पॉवर अ‍ॅम्पमध्ये नाही.
- पॉवर अ‍ॅम्पमुळे फरक पडतो तो बासचा धक्का, आवाजाची धार आणि बोटांना जाणवणारा प्रतिसाद यांत.
- ट्यूब आणि सॉलिड-स्टेट, दोन्हींवर नावाजलेले मेटल अल्बम झाले आहेत.
- प्रवास, वीज आणि दुरुस्ती यांचा विचार केला तर आपल्याकडच्या बहुतेक नवशिक्यांना सॉलिड-स्टेट जास्त सोयीचा पडतो.

आधी प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांतला फरक

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फारच क्षीण असतो. प्रीअ‍ॅम्प तो वाढवतो आणि त्याला आकार देतो. गेन, बास, मिडल, ट्रेबल ही बटणं इथली. मेटलमध्ये गेन भरपूर चढवलेला असतो, त्यामुळे सिग्नलची टोकं इथेच छाटली जातात. यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो.

पॉवर अ‍ॅम्पचं काम त्यानंतरचं. तयार झालेला आवाज स्पीकर हलवू शकेल एवढा ताकदवान करायचा. प्रीअ‍ॅम्प म्हणजे मसाला वाटणारा आणि पॉवर अ‍ॅम्प म्हणजे भट्टीची आच. आच महत्त्वाची असतेच, पण चव वाटणातच ठरलेली असते.

जुन्या रॉकमध्ये गोष्ट वेगळी होती. तेव्हाच्या अ‍ॅम्पमध्ये गेन कमी असे, म्हणून वादक आवाज पूर्ण चढवून पॉवर ट्यूबनाच डिस्टॉर्ट करत. "ट्यूब कडक चालवली की जादू होते" ही समजूत त्या काळातून आली आहे. आधुनिक मेटलमध्ये पॉवर अ‍ॅम्प शक्यतो स्वच्छच ठेवतात, नाहीतर वेगवान रिफ चिखलात रुतल्यासारखी ऐकू येते.

ट्यूब म्हणजे नेमकं काय?

घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. बटण फिरवलं की आधी दिवा लागायचा, आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या आणि मग आवाज यायचा. गिटार अ‍ॅम्पमधली ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी असे व्हॉल्व्ह आपल्याकडेच बनवत असे. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, गिटार अ‍ॅम्पमध्ये मात्र टिकले.

प्रीअ‍ॅम्पमध्ये बहुधा १२एएक्स७ नावाची छोटी ट्यूब असते. पॉवर अ‍ॅम्पमध्ये ईएल३४ किंवा ६एल६ अशा मोठ्या ट्यूब असतात. ईएल३४ ही मार्शलच्या आवाजाची ओळख, तर १९९२ मध्ये आलेल्या पीव्हीच्या ५१५० मध्ये ६एल६. या ट्यूबना शेकडो व्होल्ट लागतात आणि त्यांना स्पीकरशी थेट जोडता येत नाही. म्हणून मधे एक जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. १०० वॉटचं ट्यूब हेड २० किलोच्या आसपास भरतं, त्यातलं बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरचं असतं.

सॉलिड-स्टेटमध्ये हेच काम ट्रान्झिस्टर करतात. त्यातला आजचा लोकप्रिय प्रकार म्हणजे क्लास-डी. यात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, त्यामुळे उष्णतेत फारच कमी वीज वाया जाते. अ‍ॅम्प इतका लहान होतो की दप्तरात मावतो.

कानाला फरक का जाणवतो?

मुख्य कारणं दोन.

पहिलं, मर्यादा ओलांडल्यावरचं वागणं. ट्यूब अ‍ॅम्प ताकदीच्या पलीकडे गेला की आवाज हळूहळू दबत जातो आणि टोकं गोलसर होतात. सॉलिड-स्टेट मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ राहतो आणि मग एकदम कर्कश फाटतो. म्हणून सॉलिड-स्टेट घेताना ताकद जास्तीची घ्यावी, म्हणजे ती मर्यादा गाठायची वेळच येत नाही.

दुसरं कारण मेटलवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचं. स्पीकरवर "८ ओहम" लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. खर्जातल्या एका ठरावीक कंपनसंख्येला त्याचा अवरोध कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या तीक्ष्ण सुरांकडेही चढत जातो. गिटारच्या बऱ्याच स्पीकरांमध्ये खर्जातलं ते शिखर ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास येतं. आता गिटारची जाड तार पाहा. नेहमीच्या ट्यूनिंगला ती सुमारे ८२ हर्ट्झला वाजते आणि ड्रॉप-डीला ७३ हर्ट्झला. म्हणजे तळहाताने दाबून वाजवलेली "चग-चग" बरोब्बर या शिखरापाशी येते.

ट्यूब अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड तुलनेने सैल असते. त्यामुळे जिथे अवरोध वाढतो तिथे आवाजही उठतो. खर्जात ढम्म धक्का मिळतो आणि वर झळाळी येते. सॉलिड-स्टेटची पकड घट्ट असते. तो सगळ्या सुरांना जवळजवळ सारखा दाब देतो, म्हणून बास आवळलेला आणि नेमका वाटतो. काहींना हाच आवाज "कोरडा" वाटतो, तर वेगवान थ्रॅश किंवा डेथ मेटल वाजवणाऱ्यांना तोच हवा असतो.

हा फरक बऱ्याच अंशी भरून काढता येतो. अनेक सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पवर "रेझोनन्स" आणि "प्रेझेन्स" ही बटणं असतात. पहिलं खर्जाचा उठाव वाढवतं, दुसरं वरची धार.

मोठ्या वादकांनी काय वापरलं?

ट्यूबच्या बाजूने यादी मोठी आहे. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीने लेनीचे ट्यूब अ‍ॅम्प वापरले. स्लेयरचा आवाज मार्शलच्या जेसीएम८०० वर उभा आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलने १९९० च्या दशकातला आपला करवतीसारखा आवाज रँडलच्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पमधून काढला. डेथ मेटलला आकार देणाऱ्या चक शुल्डिनरने मार्शलचा व्हॉल्व्हस्टेट वापरला. त्यात प्रीअ‍ॅम्पला एक छोटी ट्यूब आणि पॉवर अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा. यांच्या आवाजाला खेळणं म्हणायची हिंमत कोणी करणार नाही.

वॉटचं गणित

"मला १०० वॉट हवेत, ५० ने काय होणार?" हा नेहमीचा गैरसमज. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद.

"ट्यूबचे ५० वॉट हे सॉलिड-स्टेटच्या १०० पेक्षा मोठे" असंही ऐकू येतं. वॉट म्हणजे वॉटच. मात्र ट्यूब अ‍ॅम्प मर्यादेपलीकडेही कानाला गोड लागतो, म्हणून वादक तो तिथवर नेतो. सॉलिड-स्टेट त्याआधीच थांबवावा लागतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. सॉलिड-स्टेटचे वॉट बहुतेकदा ४ ओहमला मोजलेले असतात. तोच अ‍ॅम्प ८ ओहमच्या कॅबिनेटला जोडला तर ताकद साधारण निम्म्यावर येते. ट्यूब अ‍ॅम्पला ४, ८, १६ ओहमची वेगवेगळी जोडणी असते. योग्य ती निवडली की ताकद पूर्ण मिळते.

आपल्याकडच्या खऱ्या अडचणी

*रस्ता.* पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या खड्ड्यांतून टेम्पोत अ‍ॅम्प नेला तर ट्यूब सॉकेटमध्ये सैल होऊ शकते, आतली तार हलते आणि नंतर अ‍ॅम्प शिट्टी मारायला लागतो. ट्यूब हेड न्यायचंच असेल तर फोम लावलेली मजबूत पेटी हवी. अ‍ॅम्प बंद केल्यावर तो गार होऊ द्या आणि मगच उचला.

*वीज.* आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. तिकडून कोणी अ‍ॅम्प आणून दिला तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जनरेटरवरच्या कार्यक्रमात दाब खालीवर होतो आणि ट्यूबला त्याचा त्रास थेट होतो. अनेक क्लास-डी अ‍ॅम्पचा वीजपुरवठा विभाग असे चढउतार सहज पचवतो.

*दुरुस्ती.* पॉवर ट्यूब झिजतात. त्या जुळवलेल्या जोडीनेच बदलाव्या लागतात आणि बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये त्यानंतर बायस जुळवून घ्यावा लागतो. आज ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियातून येणारा पुरवठा अडकला तेव्हा जगभर टंचाई झाली आणि भाव चढले.

*शेजारी.* २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. मुंबईतल्या रॉकप्रेमींना हे नवं नाही. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक ज्या रंगभवनात गाजला, ते धोबीतलावचं खुलं सभागृह शांतता क्षेत्रात आल्यावर संगीताला मुकलं. फ्लॅटमध्ये १०० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या चांगल्या आवाजापर्यंत कधी चढवताच येत नाही.

या अडचणींवरचा तोडगा आपल्या आसपास केव्हाचा चालत आलेला आहे. आगरी-कोळी हळदीत वाजणारी बेंजो पार्टी पाहा. विजेवरचा बेंजो, कीबोर्ड, जनरेटर, टेम्पो, दमट हवा, धूळ, आणि आवाज मात्र अख्ख्या गावाला ऐकू गेला पाहिजे. तिथे ट्रान्झिस्टरचेच अ‍ॅम्प लागतात, कारण उद्या दुसऱ्या गावात पुन्हा वाजवायचं असतं.

मॉडेलर असेल तर?

आज अनेक जण केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्ससारखी यंत्रं वापरतात. त्यात ट्यूब प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प आणि कॅबिनेट या सगळ्यांची नक्कल असते. पॉवर अ‍ॅम्प जोडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

- खरं गिटार कॅबिनेट वापरत असाल तर यंत्रातली कॅबिनेटची नक्कल बंद करा. नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो.
- सॉलिड-स्टेट असेल तर पॉवर अ‍ॅम्पची नक्कल चालू ठेवा, ट्यूब असेल तर बंद करून ऐका.

मग कोणी काय घ्यावं?

- *घरी सराव, अधूनमधून कार्यक्रम:* क्लास-डी किंवा साधा सॉलिड-स्टेट. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. स्पीकर बदलला की आवाज जेवढा बदलतो, तेवढा पॉवर अ‍ॅम्प बदलून बदलत नाही.
- *बँडमध्ये नियमित, ड्रमसोबत:* सॉलिड-स्टेट घेत असाल तर तुमच्या कॅबिनेटच्या ओहमला निदान १०० वॉट मिळतात का ते पाहा. ट्यूब असेल तर ५० वॉट पुरतात.
- *स्वतःची सरावाची खोली, रेकॉर्डिंग, प्रवास कमी:* ट्यूबचा आनंद इथे खरा मिळतो. देखभालीचा खर्च धरून चला.

दुकानात तुलना करताना दोन्ही अ‍ॅम्प एकाच कॅबिनेटवर आणि एकाच आवाजपातळीवर ऐका. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला "चांगला" वाटतो, आणि अनेक खरेद्या तिथेच चुकतात.

जीव आणि अ‍ॅम्प सांभाळा

- ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.
- सॉलिड-स्टेटला सांगितलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडू नका.
- स्पीकरसाठी स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नाही.
- ट्यूब अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टपेक्षा जास्त दाब शिल्लक असू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.
- सरावाला इअरप्लग लावा. ट्यूब बदलून मिळते, कान मिळत नाहीत.

भयानक मौत, डेमोनिक रेझरेक्शन यांसारख्या बँडनी मुंबईत मेटलचा प्रेक्षक उभा केला. कार्यक्रमात समोर उभ्या असलेल्या त्या प्रेक्षकाला अ‍ॅम्पच्या आत काच आहे की सिलिकॉन, हे दिसत नाही. रिफ नेमकी बसली का आणि शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज टिकला का, एवढंच त्याला कळतं. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या विजेवर आणि तुमच्या खिशात जो अ‍ॅम्प हे करून दाखवेल, तो घ्या.