माल्टी भाषक बालकांच्या वाक्-सुबोधतेचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बालकाचे बोलणे इतरांना कितपत समजते, यास वाक्-सुबोधता म्हणतात. तिचे मूल्यमापन वरकरणी उपचारशास्त्राचा विषय वाटतो. परंतु बोलणे ‘शुद्ध’ की ‘सदोष’ हे कोणत्या भाषेच्या निकषावर ठरवावयाचे, हा प्रश्न इतिहासाचा आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा या लहानशा द्वीपराष्ट्राच्या संदर्भात त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
माल्टी ही सेमिटिक कुळातील भाषा होय. सिसिलीतील अरबी बोलीतून ती विकसित झाली व पुढे इटालियन आणि सिसिलियन शब्दांनी समृद्ध झाली. ती रोमन लिपीत लिहिली जाते. तथापि शतकानुशतके ती केवळ घरची व बाजाराची बोली राहिली. शासन व विद्येचे व्यवहार मुख्यतः लॅटिन व इटालियनमधून चालत. ब्रिटिश अमलात इटालियन विरुद्ध इंग्रजी असा तीव्र ‘भाषाप्रश्न’ उद्भवला. १८८० च्या अहवालात पॅट्रिक कीनन यांनी माल्टीच्या माध्यमातून इंग्रजी शिकवावी, अशी शिफारस केली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या लेखकसंघाने वर्णमाला व लेखननियम निश्चित केले. १९३४ मध्ये माल्टीस इंग्रजीसोबत अधिकृत दर्जा लाभला, १९६४ च्या संविधानाने ती राष्ट्रभाषा झाली आणि २००४ मध्ये युरोपीय संघाची अधिकृत भाषा ठरली.

मूल्यमापनाची साधने :
भाषेस प्रतिष्ठा मिळाली, तरी बालकांच्या बोलण्याचे स्वतंत्र मानदंड सिद्ध होण्यास बराच कालावधी लागला. कंठद्वार क्षणभर बंद करून उच्चारला जाणारा माल्टीतील ‘क्यू’ हा वर्ण किंवा तिच्यातील शब्दारंभीची जोडव्यंजने इंग्रजी चाचणीत तपासली जाणे शक्यच नव्हते. शिवाय तेथील बहुसंख्य बालके कमीअधिक प्रमाणात दोन्ही भाषा ऐकत वाढतात. हेलन ग्रेच व बार्बरा डॉड यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरी दोन्ही भाषांचा संपर्क असणाऱ्या बालकांची ध्वनिव्यवस्था तुलनेने लवकर विकसित होते, असे आढळले. द्वैभाषिकता म्हणजे अडथळा, या समजुतीस त्यामुळे छेद गेला. त्यानंतर २०११ मध्ये ‘माल्टीज-इंग्लिश स्पीच असेसमेंट’ ही चाचणी प्रकाशित झाली.

चाचणी उच्चार तपासते. ते बोलणे समजते की नाही, हे मात्र श्रोताच सांगू शकतो. शॅरिन मॅक्लाउड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या सुबोधता-मापनीत पालकांना सात प्रश्न विचारले जातात. पालक स्वतः, निकटचे कुटुंबीय, इतर नातलग, मित्र, परिचित, शिक्षक आणि अनोळखी व्यक्ती यांना बालकाचे बोलणे कितपत कळते, याची नोंद प्रत्येकी पाच श्रेणींत होते. माल्टीसह अनेक भाषांत तिची रूपांतरे झाली आहेत. माल्टाच्या बाबतीत येथे एक प्रश्न शिल्लक राहतो : आजी माल्टी बोलत असेल व अनोळखी माणूस इंग्रजी, तर कमी गुण बालकाच्या उच्चाराचे की भाषेच्या निवडीचे? म्हणून दोन्ही भाषांची नोंद स्वतंत्रपणे घेणे अगत्याचे ठरते.

समारोप :
सारांश, ज्या भाषेस शाळेत व कचेरीत स्थान नव्हते, तिच्या बालकांसाठी मानदंड निर्माण होणे दुरापास्त होते. परक्या निकषाने मोजल्यास निकोप बालक सदोष ठरण्याचा, तसेच खरा दोष ‘दोन भाषांचा गोंधळ’ म्हणून दुर्लक्षित राहण्याचा, असा दुहेरी धोका संभवतो. भाषेची प्रतिष्ठा हा केवळ अस्मितेचा विषय नसून बालकास योग्य वेळी योग्य साहाय्य मिळण्याचाही तो प्रश्न आहे, हे माल्टाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.